धान चुकवताना पडलेला पोचा

कार्तिक लागला की आमच्या गोंदियापलीकडच्या बालाघाटात मला दोन वास एकदम येतात. एक कापलेल्या धानाचा आणि दुसरा जवसाच्या तेलाचा. पहिला सगळ्यांनाच येतो. दुसरा फक्त मला येतो, घरात जवसाचा एक दाणा नसला तरी येतो. सून म्हणते, "आई, तुमच्या नाकाला भास होतो." होत असेल बाई. या वयात नाकाला भास होतोय, डोळ्यांना होत नाही, हे काय कमी आहे?

परवा बाजारात कोणीतरी मुलाच्या गाडीला घासून गेलं. अर्धा तास घरात हिंदीतून आदळआपट चालली होती. मी बाहेर गेले, साडीचा पदर तळहाताखाली घेतला आणि गाडीच्या दारावरून हात फिरवला. म्हटलं, "एक नाही, दोन पोचे आहेत. दुसरा मुठीच्या खाली." तो वाकून वाकून बघायला लागला. "कहाँ? दिख तो नहीं रहा." दिसणार नाहीच रे राजा. पोचा डोळ्याला मागून दिसतो, हाताला आधी कळतो. मधे पातळ कपडा असला की हात सुळकन जातो आणि खळगा आला की अडखळतो. हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं सुनेनं विचारलं आणि माझी पंचाईत झाली. ते सांगायचं म्हणजे एक जुना गुन्हा कबूल करावा लागतो. करते. आता मला रागावणारं कोण उरलंय!

तर, गाडी मी ठोकली होती.

साल अडुसष्ट की एकोणसत्तर, नक्की आठवत नाही. लग्नानंतरची पहिली दिवाळी एवढं पक्कं आठवतं. माझं माहेर परसवाड्याचं. पहिल्या दिवाळीला जावई सासुरवाडीला येतो, तसे आमचे हे आले, आणि आले ते मोटारीतून! सगळी गल्ली गोळा झाली. माझ्या धाकट्या बहिणीनं तर गाडीला हात लावून हात कपाळाला लावला, देवाला लावतात तसा.

ती मोटार मामाजींची. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजी मूळचे हट्ट्याकडच्या खेड्यातले, धानाच्या शेतकऱ्याच्या घरचे, पण जन्म गेला तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत फिटर म्हणून. तिथल्या एका साहेबाची मोडीत निघालेली गाडी त्यांनी रिटायर होताना घेतली आणि बालाघाटच्या घरी अंगणातल्या कवठाखाली उभी करून वर्षभर तिला माणसात आणलं. रंग कच्च्या पेरूचा. तिच्याशी ते बोलत. आत्याबाई म्हणत, "माह्याशी येवढं बोलले असते त माह्ये केस पिकले नसते."

ती गाडी त्यांनी पहिल्यांदाच मुलाला दिली होती, आणि एकच अट घातली होती. "वसंता, दुसऱ्याच्या हाती देजो नको."

परत येताना ती अट मी मोडायला लावली. रस्ता सरळ, रिकामा, दोन्हीकडे पिवळं धान. मी म्हटलं, "मले धरू द्या न थोडंसं. सरळ त हाय रस्ता." हे नाही म्हणाले, मी रुसले, नवी नवरी रुसली की पुरुषाचं काय चालतं? मी चाकामागे बसले. गाडी बैलाच्या चालीनं चालली होती, खोटं सांगत नाही. पण मला वाटलं मी हवेत आहे! परसवाड्याची पोरगी आणि मोटार हाकतेय!

त्या सरळ रस्त्यालाही एक वळण निघालंच, आणि ते संपलं तर पुढे रस्त्यावर धान वाळू घातलेलं. अर्धा रस्ता भरून, कडेनं दगड लावलेले, एक म्हातारी पायानं दाणे उलथवत होती. उरलेल्या अर्ध्यात तिची टोपली आणि ती. आता बघा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? ब्रेक दाबला असता. नाहीतर धानावरून गाडी नेली असती, दाण्यांना काय होतंय? पण लहानपणापासून एक दाणा पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावायची सवय. ब्रेक आठवलाच नाही. आठवलं ते एवढंच, की धानावर चाक घालायचं नाही. मी गाडी वळवली ती थेट रस्त्याखाली, मोहाच्या झाडावर.

डाव्या बाजूचा मडगार्ड आत गेला. दिव्याची कडी वाकली. माझ्या हातातल्या तीन हिरव्या बांगड्या फुटल्या. म्हातारी धावत आली आणि आधी धानाकडे बघितलं, मग आमच्याकडे. "बाई चलावत होती?" असं म्हणून तिनं तोंडावर हात ठेवला.

त्या एका वाक्यानं ह्यांना पुढचं सगळं दिसलं असावं. घरचं बोलणं, गल्लीचं बोलणं. मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "शपथ हाय माह्या गळ्याची. तोंड उघडू नको. गाय आडवी आली म्हणून सांगतो मी."

घरी पोचलो तेव्हा मामाजी फाटकात उभे. हातात झेंडूचा हार. गायगोधनाच्या दिवशी गुरांना हार घालतात, त्या दिवशी गाडी परसवाड्याला होती, म्हणून तिचा हार त्यांनी पाणी मारून मारून राखून ठेवला होता. गाडी बघितली. ह्यांनी गायीची गोष्ट सांगितली. मामाजींनी ऐकून घेतली, मडगार्डवर हात फिरवला, हार उरलेल्या दिव्याला अडकवला आणि घरात गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, "गाय आडवी आली त मानूस ब्रेक दाबते. रस्ता नाई सोडत."

त्यानंतर ते मुलाशी बोलले नाहीत.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही. आणि मंडईच्या दुसऱ्या दिवशी हे जबलपूरला नोकरीवर रुजू व्हायचे होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच म्हणा. मामाजींच्या गावची मंडई बारा दिवसांवर. म्हणजे बारा दिवसांत बापलेकाचं बोलणं झालं नाही तर मुलगा मुक्यानंच घर सोडणार, आणि ते सगळं माझ्या हौसेपायी. मी भाकरी थापायची आणि डोळे पुसायचे. आत्याबाईंना वाटे, चुलीचा धूर.

गाडी दुरुस्त करायची तर गोंदियाला न्यावी लागे. मामाजींना ते मान्य नव्हतं. "माह्या हातानं उभी केली, माह्याच हातानं नीट करीन." गल्लीतल्या तांबटाकडून त्यांनी लाकडी मोगरी आणली. खाणीतल्या ट्रॉलीच्या रुळाचा एक वीतभर तुकडा त्यांच्याकडे होता, घासून आरशासारखा केलेला, तोच ठोकळा झाला. पत्र्याचा पोचा काढायला दोन माणसं लागतात, हे मला तेव्हा कळलं. एकानं आतून लोखंडी ठोकळा धरायचा, दुसऱ्यानं बाहेरून मोगरी मारायची. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आतल्यानं ठोकळा कुठे धरलाय हे बाहेरच्यानं नुसत्या आवाजावरून ओळखायचं. ठोकळ्यावर बसली मोगरी तर आवाज टणक येतो, चुकली तर पोकळ.

घरात दुसरं माणूस कोण? वसंताच. तेव्हा हे मडगार्डखाली पाठीवर पडलेले, मामाजी बाहेर पाटावर बसलेले, आणि मधे मी.

"सुनबाई, त्याले सांग, ठोकळा वर घे."

दोन हातांवर नवरा. त्याला ऐकू गेलंय. तरी मी वाकून सांगायचं, "अहो, ठोकळा वर घ्या म्हणतात."

"त्याईले सांग, घेतला."

"मामाजी, घेतला म्हणतात."

"घेतला त आवाज काहून पोकळ येऊन राह्यला, इचार त्याले."

असं दिवसभर! पोस्टमनला तरी रविवारची सुटी असते. आत्याबाई अंगणात धान पाखडत बसत. त्यांना एकदा असह्य झालं. "गाडीचा जंग काढून राह्यले नं तुम्ही? मंग तोंडाचाबी काढा. बापलेकाच्या दोघाच्याबी तोंडाले चढला हाय." मामाजींनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मडगार्डखाली मात्र हसण्याचा आवाज आला आणि लगेच थांबला.

मामाजींची मारायची रीत मला अजून दिसते. पोच्याच्या मधात ते कधीच मारत नसत. "मधात मारलं की पत्रा फुगते, मंग कोनाचंच आयकत नाई. कडेकडेनं याचं." कडेनं सुरुवात, हलक्या हातानं, गोल गोल आत. पत्रा हळूहळू आपली जुनी जागा आठवून वर येई. इतका सबुरीचा माणूस, आणि पोटच्या पोराशी एक शब्द नाही! मला राग यायचा त्यांचा. आणि मग आठवायचं, की रागवायचा हक्क मला कुठाय?

माझ्या हाताचा शोध त्यांनीच लावला. एकदा आवाज बरोबर येत होता पण पत्रा सपाट दिसत नव्हता. मामाजींचे तळहात खाणीत घट्टे पडून दगड झालेले, त्यांना बारीक खळगा कळेना. मी सहज म्हटलं, "माहेरी मी भिंती लिंपत होती. उंचसखल हाताले समजते मले." त्यांनी मला पाट दिला. "पदर घे हाताखाली. डोये मीट." मी हात फिरवला आणि सांगितलं, इथे टेकाड आहे, इथे बोटभर खोल. त्यांनी खडूनं खुणा केल्या, मारलं, पुन्हा हात फिरवायला लावला. सपाट! "वा व सुनबाई," ते म्हणाले. माझा जीव फुलून आला आणि त्याच क्षणी खाली गेला. ज्या हातांनी पोचा पाडला त्यांचंच कौतुक चाललं होतं.

गंज मडगार्डच्या आतल्या बाजूनं होता, पावसाळ्यातल्या चिखलाचा. तो काढायला मीच शहाणपण केलं. दिवाळीची पितळी भांडी घासून उरलेली चिंच मडक्यात होती. म्हटलं, पितळ निघतं तर लोखंड का नाही निघणार? चिंच चोपडली, नारळाच्या काथ्यानं घासली, बादलीभर पाण्यानं धुतलं. पत्रा असा पांढरा निघाला की मामाजी बघतच राहिले. रात्री दव पडलं. सकाळी उठून बघतो तर सगळा पत्रा शेंदूर फासलेल्या मारुतीसारखा! मामाजी कमरेवर हात ठेवून हसायला लागले. "बाप्पा बाप्पा! पितळीले आंघोळ चालते व, लोखंडाले नाई. धुतलं की लगेच पुसाचं, तेल लावाचं." मी हसले. हेही हसले. ह्यांचं हसणं कानावर पडलं तसे मामाजी हसू आवरून पत्रा घासायचा रेगमालाचा कागद शोधायला घरात गेले. ह्यांचा चेहरा मला बघवेना.

मग जवसाचं तेल. खळगे भरायला लुकण लागतं, ते मामाजी घरीच करायचे. शाळेतल्या खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, कणकेसारखं मळायचं. पण साधं तेल आठ आठ दिवस वाळत नाही, आणि मंडई आली होती पाच दिवसांवर. तेव्हा त्यांनी ट्रंकेतून एक काळा दगड काढला, तिरोडीचा मँगनीज. त्याची चिमूटभर पूड तेलात टाकून मंद आचेवर उकळली की तेल लवकर धरतं, हे त्यांना खाणीतल्या रंगाऱ्यानं सांगितलेलं. उकळलं कशात? आत्याबाईंच्या चांगल्यातल्या कढईत. सगळं घर त्या वासानं भरलं, कडू, दाट, थोडा जळका. कढई कायमची काळी झाली. आत्याबाई तीन दिवस त्या कढईचं सुतक पाळल्यासारख्या बसल्या. मला मात्र तो वास आवडायला लागला. अजून येतो तो हाच.

लुकण भरलं ते मीच. अंगठ्यानं दाबून, पट्टीनं ओढून, भिंत लिंपावी तसं. वाळलं, घासलं, पुन्हा भरलं. मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचा एक खळगा राहिला होता, दिव्याच्या वर. हे खाली ठोकळा धरून. मामाजी मोगरी घेऊन. उद्या मंडई, परवा जबलपूर. ह्यांची ट्रंक भरून दारात ठेवलेली. आत्याबाईंनी चिवड्याचा डबा बांधलेला.

मामाजींनी दोनचार हलके ठोके मारले. "पाह्य बरं, झालं काय?"

मी पदर घेतला, डोळे मिटले, हात फिरवला. कुठे अडखळला नाही. अकरा दिवसांपूर्वी जिथे मूठ मावत होती तिथे काही नव्हतं. आता मी "झालं" म्हटलं की काम संपणार होतं. काम संपलं की या दोघांना एका जागी बसवणारं काही उरणार नव्हतं. माझ्याच्यानं झालं म्हणवेना. हात पत्र्यावरच ठेवून मी म्हटलं, "मामाजी, गाडी म्या ठोकली."

मडगार्डखालून आवाज आला, "सुमन!"

"मीच चलवत होती. मीच हट्ट केला. गाय गिय काई नवती. त्याईनं मले शपथ घातली म्हणून बोलली नाई." एवढं बोलून मी रडायला लागले. सपशेल, नाक ओढत. आत्याबाईंचं सूप थांबलं.

मामाजींनी मोगरी खाली ठेवली. मग त्यांनी एकच विचारलं, "रस्ता काहून सोडला?"

"रस्त्यावर धान होतं," मी म्हटलं. "वाळू घातलेलं. त्याच्यावर चाक कसं घालू?"

"गेलं काय चाक?"

"नाई. एका दाण्यावरबी नाई."

ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. पुढे वाकले आणि मडगार्डवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं, दार वाजवावं तसं. "वसंता."

आत ठोकळा सरकल्याचा आवाज आला. मग, "हौ, बाबा."

"धान आडवं आलं असं सांगाले तुह्या जिभेले काय झालं होतं बे? मी काय धानाच्या घरचा नाई?"

हे बाहेर आले. तोंडाला गंज, केसांत लुकणाचा चुरा. बापासमोर उभे राहिले आणि काय करावं ते न सुचून ठोकळा पुढे केला. मामाजींनी तो घेतला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "इतके दिवस बरोबर धरला. एकडाव बी हात नाई हलला तुहा." मग आत्याबाईंकडे वळून, "च्या ठेव. दोघाले." आत्याबाई म्हणाल्या, "आन् मी काय पाप केलं? तिघाले ठेवते." मग माझ्याकडे बघून, "चौघाले." बांगड्या कशा फुटल्या हे त्यांनी मला पुढे कधी विचारलं नाही. मंडईत हिरव्या बांगड्या घेऊन दिल्या, मनगट भरून.

ह्यांना जबलपूरच्या गाडीत बसवायला मामाजी स्वतः आले होते. "पत्र टाकजो" असं तीनदा म्हणाले, खिडकीची सळई धरून. आज हेही नाहीत आणि मामाजीही नाहीत. गाडी तर कधीच गेली. पण मला तो स्टेशनवरचा दिवस शेवटी आठवत नाही. मला मंडईचाच दिवस शेवटी आठवतो.

जुळता रंग मिळाला नव्हता. तेव्हा पेरूच्या रंगाची गाडी आणि एका बाजूला लाल प्रायमर लावलेला मडगार्ड, अशा थाटात आम्ही निघालो. पोरं बोट दाखवून हसत होती. हट्ट्याच्या अलीकडे रस्त्यावर पुन्हा धान, या वेळी पूर्ण रस्ताभर. ह्यांनी चांगला लांबूनच ब्रेक दाबला. मामाजी उतरले. तिथल्या बाईचा खराटा मागून घेतला आणि धोतर खोचून दोन चाकांपुरती वाट स्वतः झाडली. गाडी पलीकडे गेली. मग धान पुन्हा होतं तसं पसरून दिलं, एक एक दाणा कडेला पडलेला उचलून.

परत आले ते पुढच्या दाराशी. ह्यांना म्हणाले, "उतर. मांगं बस." मला वाटलं स्वतः चालवणार. ते वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि चाकामागची रिकामी जागा हातानं थोपटली.

"ये सुनबाई. धान चुकवता येते तुले. झाड चुकवाचं मी शिकवतो."

मागून आत्याबाईंनी "रामा रे" म्हणून पदर तोंडाला लावला. मी बसले. पुढच्या वर्षी हे सुट्टीवर आले तेव्हा त्यांना स्टेशनवरून मी आणलं.

आता गाडी मुलगा चालवतो, मी मागे बसते. कार्तिकात अजून रस्त्यावर धान वाळत असतं. तो हॉर्न वाजवतो, बाजूनं काढतो, कधी कडेच्या दाण्यांवरून चाक जातंही. मी काही म्हणत नाही. पण पुढे पिवळं दिसलं रे दिसलं, की मागच्या सीटवर बसल्या बसल्या माझा उजवा पाय ब्रेक दाबतो.